मज्जातंतूंचा निरोप आणि फवारणीचे विष

मज्जातंतू म्हणजे विजेच्या तारा, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. ते अर्धेच खरे. तार संपते तेथे सूक्ष्म फट असते आणि बहुधा निरोप ती फट ओलांडतो तो रसायनाच्या रूपाने. १९२१ साली ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतविला, हृदय मंदावले. त्यातील द्रव दुसऱ्या हृदयात सोडला, तो तेही मंदावले. आणि दोहोंमध्ये तार तर कोठेच नव्हती! हे द्रव्य पुढे ॲसिटिलकोलीन ठरले. स्नायूंना हुकूम पोचविणारेही तेच. पण हुकूम दिल्यावर तो पुसलाही पाहिजे. ते काम एक एन्झाइम क्षणार्धात करते.

मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हे पुसणेच बंद पाडतात. लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात, अखेर श्वास अडकतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-मजूर विषबाधेने इस्पितळात गेले, कित्येक दगावले. त्यात या औषधाचेही नाव आले. मजुराच्या निष्काळजीपणाला दोष देणे फार सोपे. वास्तविक त्या एन्झाइमचे प्रमाण रक्तावरून मोजता येते. मात्र ते माणसागणिक वेगळे असते. म्हणून पहिली तपासणी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच व्हावी, आणि तिचा खर्च मजुराच्या माथी नसावा, अशी आमची मागणी आहे.