संसदेतील घड्याळ कुणाच्या हाती?

संसदेत कायदा बहुमताने होतो, असे शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकविले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विधेयक सभागृहात केव्हा घ्यायचे, चर्चेला किती दिवस द्यायचे आणि मत आवाजाने घ्यायचे की नावानिशी नोंदवायचे, हे ज्याच्या हाती असते त्याच्याच हाती कायद्याचे जगणे-मरणे असते. आम्ही वकील मंडळी कोर्टात रोज पाहतो, ज्याची बाजू लंगडी असते तो युक्तिवाद करीत नाही, पुढची तारीख मागतो. संसदेतही हाच खेळ चालतो. आंबेडकरी जनतेने तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याचा फटका आपल्याला वारंवार बसला आहे.

पहिला दाखला खुद्द बाबासाहेबांचा. हिंदू कोड बिल ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले. ते प्रवर समितीकडे जायलाच एक वर्ष लागले. समितीचा अहवाल ऑगस्ट १९४८ मध्ये आला. पुढची चर्चा झाली ती तुकड्यातुकड्यांनी. फेब्रुवारी १९४९ मध्ये चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन आणि थेट डिसेंबरमध्ये एक. १९५० या संपूर्ण वर्षात या बिलाला एकही दिवस मिळाला नाही. फेब्रुवारी १९५१ मध्ये तीन दिवस मिळाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा चर्चा सुरू झाली, जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळून ठेवण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. हे बिल मतदानात पडले नाही. त्याच्या विरोधात बहुमत आहे, असे कुणी सिद्ध केले नाही. त्याला वेळ नाकारून मारले गेले. बाबासाहेबांनी राजीनाम्याच्या निवेदनात नेमके यावर बोट ठेवले आहे. सदस्यांना मतस्वातंत्र्य देण्यास त्यांची हरकत नव्हती. भाषणांना वेळेची मर्यादा घालणारा आणि पुरेशी चर्चा झाल्यावर ती संपविण्याचा प्रस्ताव आणणारा पक्षादेश निघावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. तो पक्षादेश कधीच निघाला नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये हे निवेदन सभागृहात वाचण्याआधी त्याची प्रत दाखवा, असा आग्रह आसनावरून धरण्यात आला, तेव्हा बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले. ज्याने राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला, त्यालाच नियमाच्या आडून गप्प करण्यात आले! १९५२ च्या निवडणुकीनंतर, १९५५-५६ मध्ये, याच विषयावरचे चार वेगवेगळे कायदे संसदेने मंजूर केले. म्हणजे इच्छा असली की वेळही निघतो.

दुसरा दाखला आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखतचा आहे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील पदोन्नतीमधील आरक्षणाची तरतूद रद्द ठरविली. त्यावर उपाय म्हणून ११७ वी घटनादुरुस्ती आली. राज्यसभेने १७ डिसेंबर २०१२ रोजी ती २०६ विरुद्ध १० अशा मतांनी मंजूर केली. दोनच दिवसांनी लोकसभेत समाजवादी पक्षाच्या एका सदस्याने मंत्र्यांच्या हातातून विधेयकाचे कागद हिसकावले. गोंधळ झाला, कामकाज तहकूब झाले. त्यानंतर लोकसभेने हे विधेयक कधीच मंजूर केले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले.

आता याच्या शेजारी जानेवारी २०१९ ठेवा. आर्थिक निकषावर दहा टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती ८ जानेवारीला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली. तिच्यासाठी राज्यसभेचे अधिवेशन एक दिवस वाढविण्यात आले. ९ जानेवारीला तेथेही ती १६५ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाली. दोन्हीही घटनादुरुस्त्याच. दोहोंना लागणारे विशेष बहुमतही सारखेच. एकीला दोन दिवस पुरले, दुसरीला दीड वर्ष पुरले नाही. आमच्या माणसाच्या बढतीचा प्रश्न आला की घड्याळ बंद पडते, हे काय योगायोगाने घडते?

घड्याळाइतकेच दुसरे हत्यार म्हणजे आवाजी मतदान. घटनेच्या १०० व्या कलमाप्रमाणे साधे विधेयक उपस्थित राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होते. प्रत्यक्षात आसनावरून प्रश्न विचारला जातो, 'हो' आणि 'नाही'चा गलका होतो आणि आसन निर्णय सांगते. कुणी हरकत घेतली तर मतविभागणी मागता येते. तीत कोण कोणत्या बाजूला होता, हे नावानिशी कामकाजात नोंदले जाते. मागणी अनावश्यक वाटली तर लोकसभेचे अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभे करून मोजणी घेऊ शकतात. तेव्हा मात्र नावे नोंदली जात नाहीत. मतविभागणी झालीच नाही, तर कोण काय म्हणाला याचा कागदोपत्री मागमूस राहत नाही.

डिसेंबर २००८ आठवा. अनुसूचित जाती-जमातींच्या नोकऱ्यांतील आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत गोंधळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या ४७ संस्थांना आरक्षणातून वगळण्याची तरतूद त्यात होती. देशभर विरोध झाल्याने ते लोकसभेत मंजूर होऊ शकले नाही. पण राज्यसभेत त्या दिवशी 'हो' कोण म्हणाले, हे आजही नावानिशी सांगता येत नाही. तेव्हा सत्ता काँग्रेसप्रणीत आघाडीची होती. २० सप्टेंबर २०२० रोजी भाजपच्या राजवटीत राज्यसभेत शेतीविषयक विधेयके अशीच आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण आसनाने दिले. विरोधकांनी ते अमान्य केले. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी हे कायदे मागे घेण्याचे विधेयकसुद्धा दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजानेच मंजूर करण्यात आले. सत्ता कुणाचीही असो, हत्यार तेच!

लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. पुणे करारापासूनचा आमचा प्रश्न आहे की, तेथे बसलेला माणूस समाजाचा प्रतिनिधी की पक्षाचा? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते, हे आम्हाला मान्य आहे. पण मतविभागणी मागू नका, असे कोणताही कायदा सांगत नाही. विधेयकाला वेळ द्या, अशी मागणी करायलाही कुणाची परवानगी लागत नाही. नाव नोंदले गेले की जाब विचारता येतो. म्हणूनच नावे नोंदवू न देण्याकडे सत्ताधाऱ्यांचा कल असतो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीतील वाचनालयात एक वही ठेवा. अधिवेशनात आपल्या हिताचे किंवा अहिताचे विधेयक आले की त्याचे नाव, मांडल्याची तारीख, चर्चेला मिळालेला वेळ, मतविभागणी झाली की नाही आणि आपल्या खासदाराने काय केले, हे तीत लिहा. संसदेचे कामकाज छापील स्वरूपात उपलब्ध असते, ते आपल्या सुशिक्षित तरुणांनी वाचावे आणि रविवारी वंदनेनंतर लोकांना समजावून सांगावे. विधेयक येण्याआधीच खासदाराला लेखी पत्र द्या, 'मतविभागणी मागा.' पत्राची पोच घ्या आणि ती वहीत चिकटवा. पाच वर्षांनी तो मते मागायला दारात येईल, तेव्हा भाषण ऐकण्याआधी त्याच्यासमोर ही वही उघडा.