विश्लेषण : एकाच नावाच्या दोन गाड्या, इंजिनात लिटरभराचा फरक का?

जामनेरच्या रस्त्यावर बोलेरो नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या दिसतात. माणसे नेणाऱ्या बोलेरोत १,४९३ सीसीचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. माल नेणाऱ्या बोलेरो पिकअपच्या डिझेल गाडीत मात्र २,५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे. कंपनी एक, इंधन एक; मग लिटरभराचा फरक का? याचे उत्तर जितके यंत्रात आहे, तितकेच कररचनेत आहे. पाचोरा-जामनेर ही ‘पीजे’ नॅरोगेज गाडी २०२० च्या टाळेबंदीपासून थांबली. तालुक्यातला कापूस, मका, केळी आणि माणसे, सगळ्यांचा भार रस्त्यावर आहे. बहुतेक जण अशी गाडी कर्ज काढून घेतात. त्यामुळे इंजिनाची निवड चुकली, तर तिची झळ हप्त्याला बसते.

लहान इंजिन ताकदीत कमी पडते का?

सीसी म्हणजे सर्व सिलिंडरमध्ये मिळून दट्ट्या किती जागा व्यापतो, त्याचे माप. ताकद मात्र त्या जागेत किती हवा आणि किती इंधन नेमक्या क्षणी जळते, यावर ठरते. टर्बोचार्जर धुराच्याच जोरावर फिरून जास्त हवा कोंबतो. कॉमन रेल यंत्रणा प्रचंड दाबाने डिझेलचा बारीक फवारा सोडते. असे इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा कारखाना आपल्या शेजारच्या नाशिकमध्येच आहे.

याचा दाखला बोलेरोनेच दिला. आधीचे अडीच लिटरचे इंजिन ६३ अश्वशक्ती आणि १९५ न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. २०१६ मध्ये ‘बोलेरो पॉवर प्लस’ आली. तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची शक्ती ७० अश्वशक्ती झाली आणि टॉर्क तितकाच, १९५ राहिला. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारी खेच. अश्वशक्ती म्हणजे ती खेच किती वेगाने देता येते याचे माप. भरल्या गाडीने अजिंठा घाट चढताना कामी येते ती कमी फेऱ्यांवर मिळणारी खेच.

फरक आहे तो ताणात. तितकीच खेच लहान इंजिनातून काढायची, तर टर्बोवर आणि सिलिंडरमधील दाबावर जास्त भिस्त ठेवावी लागते. म्हणून अशा इंजिनाला वेळेवर ऑइल बदलणे, हवेचा फिल्टर साफ ठेवणे आणि लांबच्या चढानंतर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवणे, हे नियम जास्त काटेकोर पाळावे लागतात.

१,५०० सीसीची रेघ कुठून आली?

ही रेघ सरकारने आखली. २००६ च्या अर्थसंकल्पात ‘छोटी मोटार’ कोणती ते ठरले : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवर उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के झाले. तेव्हापासून कंपन्या गाडीची लांबी आणि इंजिन या मापात बसवू लागल्या. पॉवर प्लसची लांबी ३,९९५ मिलिमीटर होती, हा योगायोग नव्हे.

जीएसटीतही ही रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातील डिझेल गाडीवर १८ टक्के कर आहे. आधी उपकरासह ३१ टक्के होता. रेघेपलीकडच्या मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के लागतो. बोलेरो एका बाजूला आणि २,१८४ सीसीची स्कॉर्पिओ क्लासिक दुसऱ्या बाजूला, ती याचमुळे.

मालवाहू गाडीला ही रेघ लागूच नाही. तिचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण तो सीसी पाहून ठरत नाही. त्यामुळे पिकअपचे अडीच लिटरचे इंजिन लहान करण्याची करापोटी सक्ती नव्हती. तरीही टाटा इंट्रा व्ही-५० (१,४९६ सीसी) आणि अशोक लेलँड दोस्त (१,४७८ सीसी) यांनी दीड लिटरचा मार्ग निवडला.

नियमामुळे इंजिनाचे माप बदलल्याचे आणखी एक उदाहरण दिल्लीचे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे २,००० सीसी आणि त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. पुढच्याच महिन्यात महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही-५०० साठी १.९९ लिटरचे इंजिन आणले.

मग आणखी लहान इंजिने कुठे गेली?

टाटा एस म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’ २००५ मध्ये अवघ्या ७०२ सीसीच्या दोन सिलिंडर डिझेल इंजिनावर आला. मोटारींमध्ये फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट मारुती, टाटा अशा अनेक कंपन्यांनी वापरले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत होते.

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाले. डिझेल मोटारीच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आली. काजळीची ०.०२५ वरून ०.००४५ वर. त्यासाठी लागणारे फिल्टर, सेन्सर आणि उत्प्रेरक यांचा खर्च इंजिन लहान असले म्हणून त्याच प्रमाणात कमी होत नाही. स्वस्त गाडीला तो पेलवला नाही. मारुतीने डिझेल सोडले, भारतात मल्टिजेट थांबले, टाटा टियागोचे १.०५ लिटरचे डिझेलही गेले. दीड लिटरच्या, थोड्या महाग गाड्या मात्र हा भार सोसू शकल्या.

छोट्या मालवाहू गाड्यांतही वारे बदलत आहे. जून २०२५ मध्ये आलेली टाटा एस प्रो पेट्रोल, सीएनजी-पेट्रोल आणि विजेवर मिळते, डिझेलवर नाही. तीनच महिन्यांनी मात्र ९०० किलो वाहणारी डिझेल एस गोल्ड प्लस ५.५२ लाखांच्या किमतीला आली. अमेरिकेत ‘लहान’ डिझेल म्हणजे तीन लिटरच्या आसपासचे. तिथल्या रॅम १५०० पिकअपमधील असे इंजिनही २०२३ मध्ये बंद झाले.

गावातल्या फेऱ्यांना बीएस-६ डिझेल मानवते का?

सायलेन्सरच्या मार्गातील फिल्टर काजळी अडवतो आणि सुमारे ६०० अंशांवर ती जाळून टाकतो. त्यासाठी साधारण पंधरा-वीस मिनिटे गाडी सलग चांगल्या वेगाने चालावी लागते. शेत ते बाजार समिती अशा दोन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या असतील, तर काजळी साचते आणि दिवा लागतो. दिवा लागल्यावर जळगाव किंवा पहूरच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारली की बहुतेकदा काम होते. दुर्लक्ष केले तर फिल्टरचा खर्च मोठा.

काही गाड्यांना डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे द्रावण लागते. शेतातला युरिया पाण्यात कालवून त्याजागी कधीही वापरू नये. त्यातील अशुद्ध घटक यंत्रणा निकामी करतात. एस गोल्ड प्लसमध्ये ‘लीन नॉक्स ट्रॅप’ असल्याने डीईएफ लागत नाही. गाडी घेतानाच हा प्रश्न विचारावा.

मग हिशेब कसा मांडावा?

समजा, डिझेल गाडी एक लाखाने महाग आहे आणि किलोमीटरमागे दीड रुपया वाचवते. रोज ६० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस चालली तर २७ हजार वाचतात. लाख वसूल व्हायला पावणेचार वर्षे लागतात. रोज १२० किलोमीटर असतील तर दोन वर्षांच्या आत. सीएनजी जवळ मिळत असेल, तर त्याचाही हिशेब याच रीतीने करावा.

लोडचेही तसेच. दीड लिटरचे इंजिन नोंदीतला माल आरामात ओढते, पण दीडपट माल रोज भरला तर त्याचा ताण टर्बो, क्लच आणि ब्रेकवर येतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. रोज जड माल आणि चढ असेल तर अडीच लिटरची पिकअप किंवा जास्त क्षमतेची गाडी; माणसे आणि हलका माल असेल तर दीड लिटर पुरेसे. बोनेटवरच्या नावापेक्षा रोजचे किलोमीटर आणि रोजचे वजन, हे दोन आकडे आधी कागदावर लिहावेत.