आधी निवड, मग क्रम : स्पर्धा परीक्षेतलं दुहेरी कोडं असं मांडा

मस्तगड (जालना) : आपल्या मोहल्ल्यांतून राज्यसेवा, बँक भरती आणि लॉ सीईटीची तयारी करणारी मुलं-मुली आता घरोघरी दिसतात. पुण्याला राहून क्लास लावणं प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे बराचसा अभ्यास घरीच, मोबाईल आणि जुन्या प्रश्नपत्रिकांवर चालतो. इतिहास, भूगोल पाठ करता येतो. पण तर्काच्या कोड्यांपाशी अनेकांचं गाडं अडतं.

राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, २०० गुणांचा असतो. ८० प्रश्न आणि वेळ २ तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. या पेपरात फक्त पात्र व्हायचं असतं, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण लागतात. पण तेवढे मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरातले चांगले गुणही कामाला येत नाहीत. शिवाय चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. म्हणून अंदाजाने खूण करणं महागात पडतं.

कोड्यांतला सर्वात दमवणारा प्रकार दुहेरी असतो. काही जणांतून काहींना निवडायचं आणि निवडलेल्यांचा क्रमही लावायचा. एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की गोंधळ होतो. एक उदाहरण घेऊ.

कोडं

ईद मिलनाच्या कार्यक्रमात ७ विद्यार्थ्यांपैकी ५ जण एकामागून एक भाषण करणार आहेत. अमीना, बिलाल, दानिश, फरहाना, जुनैद, नसरीन आणि सलमा. अटी अशा :

१. दानिश आणि सलमा दोघांना एकत्र घ्यायचं नाही.
२. बिलाल आणि फरहाना, घ्यायचे तर दोघंही, नाहीतर कोणीच नाही.
३. ते दोघं असतील, तर फरहाना बिलालच्या लगेच नंतर बोलेल.
४. नसरीन असेल, तर ती तिसरी बोलेल.
५. दानिश असेल, तर तो पहिला बोलेल.
६. अमीना आणि जुनैद दोघंही असतील, तर अमीना जुनैदच्या आधी बोलेल.

पहिली पायरी : अटींची वाटणी

प्रत्येक अटीला एकच प्रश्न विचारा. ही अट ‘कोण’ सांगते की ‘कितवा’? इथे १ आणि २ निवडीच्या अटी आहेत. ३ ते ६ क्रमाच्या आहेत, आणि त्या सगळ्या ‘असेल तर’ने बांधलेल्या आहेत. माणूस निवडलाच नाही, तर ती अट तिथे लागूच होत नाही. अट ६ वाचून ‘अमीना आणि जुनैद आहेतच’ असं धरून चालणं ही नेहमीची चूक.

दुसरी पायरी : बाहेरची जागा मोजा

कागदावर एका ओळीत १ ते ५ घरं काढा. शेजारी ‘बाहेर’ लिहून २ घरं काढा. बहुतेक जण ही दोन घरं काढतच नाहीत. खरं काम मात्र तिथेच होतं.

दानिश आणि सलमा यांपैकी किमान एक जण बाहेर जाणार. म्हणजे बाहेरचं एक घर भरलं, उरलं एकच. बिलाल आणि फरहाना बाहेर जायचे तर जोडीने जातील, त्यांना दोन घरं लागतील. तेवढी जागाच नाही. म्हणून बिलाल आणि फरहाना नक्की आत.

एकही क्रम न लावता एवढं कळलं. ७ जणांतून ५ जण २१ प्रकारे निवडता येतात. या दोन अटींनंतर फक्त ७ प्रकार उरतात.

तिसरी पायरी : आता क्रम

समजा प्रश्न आला, दानिश आणि नसरीन दोघंही असतील, तर चौथं कोण बोलेल?

दानिश पहिला, नसरीन तिसरी. बिलाल-फरहाना यांना लागून दोन घरं हवीत. तशी फक्त चौथं आणि पाचवंच उरतात. म्हणून चौथा बिलाल, पाचवी फरहाना. उत्तर मिळालं.

दुसरं कोण? दानिश आला म्हणजे सलमा बाहेर. बाहेरच्या उरलेल्या घरात अमीना किंवा जुनैद जाईल, आणि दुसरा आत येऊन दुसऱ्या क्रमांकावर बसेल. दोघांपैकी कोण, हे ठरत नाही. पण हेही उत्तरच आहे. ‘नक्की काय?’ असं विचारलं तर चौथा बिलाल. ‘काय शक्य आहे?’ असं विचारलं तर दुसरी अमीना, किंवा दुसरा जुनैद. प्रश्नातला हा एक शब्द नीट वाचायलाच हवा.

भाषेकडे लक्ष

आयोगाचा हा पेपर मराठी आणि इंग्रजीत असतो. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांनी मराठीतले छोटे शब्द पक्के करून घ्यावेत. ‘आधी’ आणि ‘लगेच आधी’ यांत फरक आहे. पहिल्यात मध्ये कोणी आलं तरी चालतं, दुसऱ्यात चालत नाही. तसंच ‘तर’ आणि ‘तरच’. ‘दानिश आला तर नसरीन येईल’ यात दानिशशिवायही नसरीन येऊ शकते. ‘दानिश आला तरच नसरीन येईल’ यात दानिश नसेल, तर नसरीनही नाही. एका ‘च’ने उत्तर बदलतं.

आई-वडिलांसाठी

या सरावाला पुस्तकच लागतं असं नाही. घरातल्या सात जणांची नावं घ्या, गाडीत पाच जागा धरा, चार-पाच अटी सांगा आणि मुलांना मांडायला लावा. सुरुवातीला घड्याळ लावू नका. आधी मांडणी बरोबर येऊ द्या, वेग नंतर वाढतो. रोज एक कोडं, तेही कागदावर, मनातल्या मनात नाही. परीक्षेच्या दिवशी मुलगा किंवा मुलगी न घाबरता आधी ‘बाहेर’ची घरं काढेल, तेव्हा या मेहनतीचं चीज होईल, इन्शाअल्लाह.