अपडेटनंतर – भाग ७ : पानं कुठून वाढली?

प्रिंटरचं उरलेलं आज सांगणार होतो. पण गंगापूर रोडच्या एका निवृत्त शिक्षकांनी असा प्रश्न पाठवलाय की प्रिंटरला आठवडाभर थांबावंच लागेल.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मोफत सेवा संपली आणि त्या दिवाळीत बऱ्याच घरांत मुलांनी आईवडिलांच्या मशीनवर विंडोज ११ चढवून दिलं. सरांकडेही तेच झालं. डिस्क पुसून नव्याने. आठवणींच्या पुस्तकाची फाइल पेनड्राइव्हवर सुरक्षित होती. उघडली तर अक्षर न् अक्षर जागेवर, पण पानं वाढलेली आणि हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका पार कोलमडलेली. ‘व्हायरस असेल का?’ असं सर विचारतात.

नाही सर, तुमचा ‘कोकिळा’ फाँट गेलाय. गंमत म्हणजे वर्डमध्ये फाँटच्या चौकटीत नाव अजून कोकिळाच दिसतं. त्या शेजारचा बाण दाबून यादी उघडा, तिथे ते सापडणार नाही. फाँट नसला की वर्ड गुपचूप दुसरा लावतं, बहुधा ‘निर्मला’. कोकिळाचं अक्षर त्याच पॉइंटला बरंच बारीक. म्हणून निर्मला आली की मजकूर पसरतो.

विंडोज १०पासून कोकिळा, अपराजिता, उत्साह आणि चक्क ‘मंगल’सुद्धा सगळ्यांना सरसकट मिळत नाहीत. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाका, त्यात ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ निवडा, इंटरनेट चालू ठेवा. फुकट आहे. ‘हजार मराठी फाँट’ देणाऱ्या अनोळखी साइटच्या वाटेला जाऊ नका.

मंगलला ऐच्छिक यादीत पाहून मला जरा वाईटच वाटतं. तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. जे. जे.त शिकलेले, जाहिरातक्षेत्रात काम केलेले, पवईच्या आयआयटीत शिकवणारे, शिवाय कवी. विंडोज २०००बरोबर मंगल आला, तेव्हा विंडोजमध्ये देवनागरी प्रथमच घरची म्हणून नांदायला लागली. त्याच्या दोन ओळींतलं अंतर अघळपघळ आहे, अशी तक्रार डीटीपीवाले करतात, आणि ती खरीही आहे. पण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटी-रफारावर आपटत नाहीत ते त्या मोकळ्या जागेमुळेच.

आता फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर दुखणं वेगळं. ती फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीची. त्या फाँटमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, रोमन अक्षराच्या घरात बसवलेला असतो. त्याला तोच जुना फाँट हवा किंवा कन्व्हर्टर. ऑप्शनल फीचर्स कितीही चाळली तरी उपयोग नाही. नुसते चौकोन दिसले, तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरीच नाही.

सर, कोकिळा परत आला की अनुक्रमणिका ताळ्यावर येईल. मग रविवार कारंज्यावरच्या छापखान्यात वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ करून द्या. त्यांच्या मशीनवर कोकिळा असेलच असं नाही.

प्रिंटर पुढच्या आठवड्यात. तोवर कुणी वैतागून जुना ड्रायव्हर उडवू नका, आपल्याला लागणार आहे.