उष्माघात: रुग्ण उन्हात होता, हे डॉक्टरांना जरूर सांगा

मे महिन्यात घरातील कुणाला चक्कर आली, ताप चढला किंवा ती व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, की दवाखान्यात आम्ही साखर, रक्तदाब, ईसीजी पाहतो. त्याआधी रुग्ण कुठे होता, हे नातेवाईक बहुधा सांगत नाहीत आणि गर्दीत आम्हीही विचारायचे विसरतो. दुर्दैवाने रुग्ण दगावला, तर कागदावर नुसते 'हृदयविकार' एवढेच राहते.

याचा परिणाम एका घरापुरता नसतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू त्या मानाने थोडे होते. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या वर्षाशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. या अनुभवातून २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णता कृती आराखडा आणला: आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, रुग्णालयांची तयारी, डॉक्टरांचे प्रशिक्षण. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे असे आराखडे केले.

आराखड्याला पैसा लागतो, तिथे गाडी अडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती! राज्याने तिला स्थानिक आपत्ती ठरवले, तरच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून खर्च करता येई. तोही अशा सर्व स्थानिक आपत्तींसाठी मिळून वार्षिक निधीच्या १० टक्क्यांपर्यंत. अशा वेळी आजार नोंदलेलाच नसेल, तर निधी मागायचा कशाच्या आधारावर?

म्हणून डॉक्टरांना हे सांगा: रुग्ण किती तास उन्हात किंवा भट्टीजवळ होता, घर पत्र्याचे आहे का, रात्री खोली थंड होते का. घरात बसलेल्या वृद्धांनाही उष्माघात होतो.

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा जास्त आणि सोबत गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. रुग्णाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतून वारा घाला. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल, तर तोंडाने पाणी पाजू नका.

लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना भेटा. परस्पर बंद करू नका. आणि तुमच्या भागाचा आराखडा काय आहे, दुपारी बसायला सावलीची जागा कुठे ठेवली आहे, हे महापालिकेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात मार्चमध्येच विचारा.