हद्दीवरची साखर



साखर कारखान्याच्या शेतकी खात्याने साखर कमी खा म्हणावे, हे जरा उफराटेच. पण गेल्या हंगामात आमचीच तपासणी झाली. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर १६४ भरली. १४० च्या आत असली तर ठीक, २०० ला मधुमेह. म्हणजे आम्ही ऐन बांधावर उभे.

पहिल्या दवाखान्यात छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, पहाटे तासभर फिरणे. तोडणीच्या दिवसांत पहाटेच आम्ही टोळ्यांच्या मागे फडात असतो, हे कोणी विचारलेच नाही. कागद डायरीत राहिला. माती न तपासता एकरी खताची पोती सांगावीत, तसला हा प्रकार. खरे सांगायचे तर आम्हीही काही ठिकाणी तसे केलेले आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी आमचा दिवस विचारला. चहा किती? मोजले तर नऊ! प्रत्येक वस्तीवर एक; नाही म्हटले तर सभासद रागावतात. मग त्यांनी चेन्नईचा अभ्यास सांगितला. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी अशाच हद्दीवरच्या ५३१ भारतीयांवर केलेला हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत शंभरी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम बदलणाऱ्यांत ३९, मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४०. दोन्ही एकदम केले तरी जादा फायदा दिसला नाही. "आता तुम्हाला काय झेपेल ते तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले.

आम्ही कबूल केले: चहा दोनच, तोही बिनसाखरेचा, मोटारसायकल पाणंदीच्या तोंडाला लावून फडापर्यंत चालत, रात्रीचा भात निम्मा. भाताचे काही जमले नाही. सौभाग्यवतींना आधी विचारलेच नव्हते! पुढल्या खेपेस त्यांना बरोबर नेले, तेव्हा रात्री भात बंद, एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, हे त्यांनीच ठरवले. सहा महिन्यांनी आकडा १३८ आला. तपासणी दरसाल करायचीच आहे.

तुमची साखर अशी हद्दीवर निघाली तर रात्रीचे पाणी, अवेळचे जेवण, सगळे डॉक्टरांपुढे मांडा. गोळी की बदल, पुन्हा तपासणी कधी, हे विचारून घ्या. "गूळ चालतो का?" असे बरेच जण आम्हाला विचारतात. नाही चालत, गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांनी आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

आणि गटात आलो की आमचा चहा बिनसाखरेचा टाका, रागावू नका.