माय जेवत नाही, की जेवणच विसरली?

परभणीजवळच्या पेडगावात काय किंवा आपल्या वस्तीत काय, म्हातारं माणूस वाळायला लागलं की "वय झालं आता" म्हणून घरचे गप्प बसतात. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे गप्प बसणं महागात पडतं.

या आजारात भुकेची जाणीवच बोथट होते. घास तोंडात राहतो, गिळायचं राहून जातं. भाकरी समोर असते, ती मोडायची कशी हे आठवत नाही. माय हट्ट करत नसते.

उलटही घडतं. ताट उचलून अर्धा तास होत नाही तोच माय शेजारी सांगते, "सकाळपासून मला कुणी घासभर दिलं नाही." मग वस्तीत बोल लागतो तो सुनेला. अशा वेळी "आत्ताच तर जेवलीस" म्हणून वाद घालू नका. तिच्यापुरतं ते खरंच असतं. वाटीभर ताक द्या, केळ्याच्या दोन फोडी द्या. आणि शेजाऱ्यांना आजार आधीच सांगून ठेवा. त्यात लाज कसली?

वजन दर महिन्याला करा. जवळच्या आरोग्य केंद्रात काटा असतो. 50 किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत 5 किलो उतरलं, तर डॉक्टरांना दाखवाच. काट्याआधी बांगड्याच सांगतात. त्या कोपराकडे सरकू लागतात. कारण दुखरे दात, बद्धकोष्ठ, थायरॉईड, क्षय यांपैकीही असू शकतं. आठवणीसाठी दिलेल्या डोनेपेझिलच्या गोळीनेही काहींची भूक मरते. पण गोळी मनानेच बंद करू नका.

भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, वर चमचाभर तेल नाहीतर शेंगदाण्याचा बारीक कूट. उकडलेलं अंडं, मऊ धपाटं हातात धरून खाता येतं. दोन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा वेळा थोडंथोडं बरं.

चकचकीत स्टीलच्या ताटात दहीभात नीट दिसतही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये मोजक्या रुग्णांना भडक लाल ताटांत जेवण दिलं, तर ते सुमारे 25 टक्के जास्त जेवले. बाजारातली लाल प्लॅस्टिकची ताटली आणून पाहायला काय हरकत आहे?

जेवताना सारखा ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जात असावं. त्यातून न्यूमोनिया होतो. आडवं पडून कधीच भरवू नका, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठांसाठी सरकारची 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे.